इंग्रजी शब्द आणि नावं उच्चारायची कशी: एक्स्पोर्टच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्यांसाठी

आमच्या ऑफिसात दरवर्षी दोन-तीन नवीन पोरंपोरी लागतात. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, माल इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला जातो, थोडा आयर्लंडलापण. पोरं हुशार असतात, एक्सेल पळवतात, मेल माझ्यापेक्षा चांगला लिहितात, पण फोन वाजला आणि पलीकडनं परदेशी आवाज आला की फोन माझ्याकडं सरकवतात, "मॅडम तुम्हीच बोला". प्रत्येकाला बसवून तेच तेच सांगत आले इतकी वर्षं, म्हणलं एकदा सगळं नीट लिहून काढावं, आमच्या पोरांना होईल आणि दुसऱ्या कुठल्या ऑफिसात कोणी नवीन लागलं असेल तर त्यांनापण होईल.

मी शहराच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, दुकानात दखनी. इंग्रजी पाचवीपासनं, तेपण पुस्तकातलं. सोळा वर्षं बायरशी बोलतेय आणि अजूनही आठवड्याला एखादा शब्द असा येतो की डिक्शनरी उघडावी लागते. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते शिकता येतंय, एवढं नक्की.

पायरी १ : एकच बरोबर उच्चार असतो हे डोक्यातनं काढा

इथंच सगळ्यात जास्त भीती अडकलेली असते, म्हणून आधी हे. इंग्लंडचा बायर म्हणतो "शेड्यूल पाठवा", अमेरिकेचा म्हणतो "स्केड्यूल पाठवा". दोघं एकच कागद मागतायत आणि दोघांचं बरोबर आहे. इंग्लंडात विटमिन, अमेरिकेत व्हायटमिन. इंग्लंडात टमाटो, अमेरिकेत टमेटो. फुलदाणीला इंग्लंडात व्हाझ, अमेरिकेत बहुतेक जण व्हेस म्हणतात. रूट आणि राउट, डेटा आणि डाटा, आयदर आणि ईदर, ही तर एकाच देशात दोन्ही ऐकू येतात, कधी कधी एकाच घरात. ऑफन आणि ऑफ्टन तसंच, टी म्हणला तरी चालतंय, नाही म्हणला तरी चालतंय. आपण कोर्टात, तहसीलमध्ये जो क्लार्क म्हणतो तो इंग्लंडचा उच्चार आहे, अमेरिकन माणूस त्यालाच क्लर्क म्हणतो.

मग तुम्ही काय म्हणायचं? यातला कुठलाही एक धरा आणि तोच ठेवा. शाळेतनं आपल्याला शेड्यूल आलंय तर शेड्यूल म्हणा, अमेरिकन माणसाला कळतंय. फक्त त्यानं स्केड्यूल म्हणल्यावर तुम्ही गोंधळू नका, आणि तो चुकला असं तर अजिबात समजू नका.

हे असं का झालं ते थोडं सांगते कारण कारण कळलं की राग जातो. इंग्रजीत साधारण १४०० ते १७०० या काळात लांब स्वरांचे उच्चार हळूहळू सरकत गेले. आज आपण ज्याला नेम म्हणतो त्याचा उच्चार आधी "नाम" च्या जवळचा होता. आणि याच काळाच्या मधेच छापखाना आला, विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, अन् तिथनं पुढं स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, तोंड मात्र पुढं चालत राहिलं. नाइट, म्हणजे सरदारवाला, त्यातला के आणि जीएच पूर्वी खरंच बोलला जायचा, आता फक्त कागदावर उरलाय. डेट, म्हणजे कर्ज, त्यातला बी तर कधी बोललाच गेला नव्हता, शब्द फ्रेंचमधनं बी शिवाय आला आणि नंतरच्या पंडितांनी लॅटिनशी नातं दाखवायला तो बी घुसडला. रिसीटमधला पी तसाच. म्हणजे तुम्ही "रिसीप्ट" म्हणलात तर ती तुमची एकट्याची चूक नाही, स्पेलिंगच तुम्हाला चकवतंय.

आणि हे फक्त इंग्रजांच्या गावाला आहे असं नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा की. एम ए डी एच ए असं लिहिलेलं माढा पुण्या-मुंबईच्या पलीकडचा माणूस "मधा" वाचतो. करमाळ्याचा ळ इंग्रजीत दिसतच नाही. पंढरपूरला "पंधारपूर" म्हणणारे मी स्वतः ऐकलेत. इंग्रजांनी आपल्या गावाचंच नाव कित्येक वर्षं एस एच नं, शोलापूर लिहिलं, अन् जुन्या कागदांवर, जुन्या पाट्यांवर अजून सापडतंय. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय गावाचं नाव कळत नाही, आपलं पण आणि त्यांचं पण.

पायरी २ : पहिली दोन मिनिटं फक्त ऐका

फोन उचलल्या उचलल्या कामाचं बोलायची घाई करू नका. हवा कशी आहे, सुट्टी कशी गेली, हे विचारा आणि समोरच्याला बोलू द्या, तेवढ्यात तुमचा कान बसतो. कान बसणं ही खरी गोष्ट आहे, डोळे अंधाराला सरावतात तसंच.

ऐकताना काय पकडायचं? अमेरिकन माणूस आर वाजवतो, कार म्हणताना शेवटी जीभ मागं वळते. इंग्लंडच्या दक्षिणेकडचा माणूस तो आर सोडून देतो, "का" वरच थांबतो. स्कॉटलंडचा माणूस आर खणखणीत वाजवतो, आपल्या र च्या बराच जवळ जातो, त्यामुळं आमच्या पोरांना स्कॉटिश बायर पहिल्यांदा अवघड वाटतो पण महिन्याभरात सगळ्यात सोपा वाटायला लागतो. अमेरिकनांचा टी दोन स्वरांच्या मधे सापडला की ड सारखा मऊ होतो, वॉटरचं वॉडर होतं. आणि आपल्या कामाचा सगळ्यात मोठा शब्द, कॉटन, तो त्यांच्या तोंडात मधेच गिळला जातो, कॉ म्हणून एक छोटा अडखळा आणि मग नुसता न. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलेलं लाइन खराब आहे.

ऑस्ट्रेलियाचा माणूस "डे" म्हणताना आपल्याला "डाय" सारखं ऐकू येतं. एट म्हणताना "आइट". न्यूझीलंडच्या माणसाचा पेन आपल्या कानाला पिन वाटतो, टेन टिन वाटतो, आणि सिक्सचं सक्स होतं. हे एकदा माहीत असलं की पुरतं, पाठ करायची गरज नाही.

पायरी ३ : आकडे. इथं पैसे जातात

बाकी सगळं चुकलं तर माणूस हसून सोडून देतो, आकडा चुकला तर कंटेनर चुकतो.

मी लागून दुसरं वर्ष होतं. एका बायरनं फोनवर कार्टनचा आकडा सांगितला, मी थर्टी ऐकलं, वहीत ३० लिहिलं, पॅकिंगला चिठ्ठी गेली. त्यानं म्हणलं होतं थर्टीन. मेलवर पक्कं करून घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही कारण मला वाटलं मी नीट ऐकलंय. सतरा कार्टन गोडाऊनला पडून राहिले, त्या रंगाला दुसरा गिऱ्हाईक मिळेना, आणि मालक मला काही बोलले नाहीत हेच मला जास्त लागलं. त्या रात्री मी घरी बसून थर्टी-थर्टीन, फोर्टी-फोर्टीन, फिफ्टी-फिफ्टीन ऐकत बसले, आणि मग एक गोष्ट कळली ती सांगते.

थर्टीनमध्ये जोर मागं पडतो, थर-टीऽन, टीन लांब. थर्टीमध्ये जोर पुढं, थऽर-टी, टी तोकडा. त्यात अमेरिकन माणूस असला तर थर्टीचा टी मऊ होऊन "थर्डी" होतो, पण थर्टीनचा टी कडक राहतो. म्हणजे ड सारखं ऐकू आलं की ३०, टी खडखडीत आला की १३. एक अडचण आहे, ती पण सांगते: थर्टीनच्या मागं लगेच दुसरा शब्द आला, थर्टीन कार्टन्स असं, की जोर बऱ्याचदा पुढं सरकतो आणि फरक कमी होतो. माझं नेमकं तिथंच फसलं होतं.

म्हणून नियम असा धरा: टीन किंवा टी नं संपणारा आकडा आला की तोंडानं सुटा करून परत म्हणायचा, "वन थ्री, थर्टीन?" आणि तो येस म्हणाला तरी फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेल. आमच्या ऑफिसात ही सक्ती आहे, कोणी कितीही सीनियर असो.

फोन नंबर, कंटेनर नंबर सांगताना आपण डबल फोर, ट्रिपल सेव्हन म्हणतो, इंग्लंडच्या माणसाला ते चालतं, अमेरिकन माणूस मात्र फोर फोर असं सुटंच म्हणतो आणि डबल ऐकून थबकतो. शून्याला दोन्हीकडं "ओ" म्हणायची सवय आहे. नंबरात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतील तर तुम्ही झीरोच म्हणा, नाहीतर ओ अक्षर की शून्य हा घोळ होतोच.

पायरी ४ : कॅन आणि कान्ट

हा छोटा शब्द आहे पण "हो" चं "नाही" होतं म्हणून वेगळा काढला. इंग्लंडच्या दक्षिणेकडचा माणूस कान्ट म्हणतो, लांब आ, कळायला सोपं. अमेरिकन माणूस कॅन्ट म्हणतो आणि शेवटचा टी तोंडातच ठेवतो. मग कॅन आणि कॅन्ट ओळखायचं कसं? टी शोधू नका, जोर शोधा. "वी कॅन टेक इट" म्हणताना त्यांचा कॅन जवळजवळ नाहीसा होतो, नुसतं "क्न" उरतं आणि जोर टेकवर जातो. "वी कॅन्ट टेक इट" मध्ये कॅन्टवरच वजन पडतं. म्हणजे तो शब्द ठळक ऐकू आला की समजा नकार आहे.

आणि आपलं उलट होतं बघा, आपण हो म्हणताना कॅनवर दाबून जोर देतो, "वी कॅऽन डू सर", आणि पलीकडच्याला वाटतं आपण नाही म्हणतोय. त्यापेक्षा सरळ "येस, वी विल डू इट" म्हणा.

पायरी ५ : अक्षरं सांगताना

स्टाइल कोड, बँकेच्या एलसीचा म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचा नंबर, ही सगळी अक्षरांची कामं. शेवटचं अक्षर इंग्लंडात झेड, अमेरिकेत झी. फोनवर झी आणि सी मधला फरक कुठल्याच लाइनवर नीट कळत नाही. एच ला आपल्याकडं पूर्व भागात कितीतरी जण "हेच" म्हणतात, शाळेत त्यावरनं पोरं चिडवायची, पण आयर्लंडात हेच हे नेहमीचंच आहे आणि आमच्या तिकडच्या बायरबाई तसंच म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या माणसाचा ए आपल्याला आय वाटू शकतो.

म्हणून अक्षर एकटं सांगायचं नाही, शब्दाबरोबर सांगायचं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही यादी विमानवाल्यांची आहे, १९५६ पासनं जगभर तीच चालते आणि ती वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना ऐकायला सोपी पडावी म्हणूनच निवडलीय. प्रिंट काढून फोनशेजारी चिकटवा. बी फॉर बॉम्बे, पी फॉर पूना असं आपापलं म्हणणारे अजून आहेत, भारतात चालून जातं, बाहेर नको.

पायरी ६ : गावांची नावं

इंग्लंडच्या गावांना एक धाटणी आहे, ती कळली की अर्धं काम होतं. शेवटी सी ई एस टी ई आर आलं की मधलं गिळायचं. लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, बिस्टर. लायसेस्टर नाही, वोर्सेस्टर नाही. लेस्टर हे मोज्या-बनियनच्या विणकामाचं जुनं शहर, आपल्या धंद्याच्या माणसाला ते नाव नीट यायलाच पाहिजे. शेवटी डब्ल्यू आय सी एच किंवा डब्ल्यू आय सी के आलं तर बऱ्याचदा डब्ल्यू बोलायचा नाही: ग्रेनिच, नॉरिच, वॉरिक. पण इप्स्विचमध्ये तो बोलतात. आणि सायरनसेस्टरमध्ये सेस्टर पूर्ण म्हणतात. धाटणी आहे, नियम नाही.

एडिनबरा शेवटी बर्ग नाही. टेम्समध्ये थ नाही. सदर्क नावाचा लंडनचा भाग लिहिताना साउथवार्क दिसतो. रेडिंग गावाचं स्पेलिंग वाचनाच्या रीडिंगसारखंच. बंदरांपैकी फेलिक्स्टो आणि साउथॅम्प्टन ही दोन नावं तुमच्या कागदांवर सारखी येतील. धक्क्याला जो शब्द आहे, क्यू यू ए वाय, त्याचा उच्चार नुसता "की", किल्लीसारखा. मी पहिली तीन वर्षं "क्वे" म्हणत होते आणि कोणी मला टोकलं नाही, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगते.

अमेरिकेत वेगळीच मजा, कारण तिथं नावं आली कुठनं कुठनं आणि उच्चार झाले गावचे. कॅन्झस म्हणायचं पण त्याच्याच आधी एआर लावलेलं राज्य आर्कन्सॉ, शेवटचा एस बोलायचा नाही. यावरनं तिथं इतका वाद झालेला की १८८१ मध्ये तिथल्या विधिमंडळानं ठराव करून उच्चार ठरवून टाकला. टेक्सासचं शहर ह्यूस्टन, पण न्यूयॉर्कमधला त्याच स्पेलिंगचा रस्ता हाउस्टन, कारण दोन वेगळ्या माणसांची नावं आहेत. इंग्लंडचं बर्मिंगम, अलाबामाचं बर्मिंगहॅम. न्यू जर्सीचं न्यूअर्क, पण तेच स्पेलिंग डेलावेअरला न्यू-आर्क. इलिनॉयचा एस बोलायचा नाही. आणि न्यूयॉर्क राज्यात एक छोटं गाव आहे, स्पेलिंग हुबेहूब आपल्या दिल्लीचं, आणि लोक त्याला म्हणतात डेल-हाय. तिथं जाऊन दिल्ली म्हणणाराच चुकीचा. मला हे गाव फार आवडतं, नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

ऑस्ट्रेलियाचं मेलबर्न आणि ब्रिझबन, बोर्न आणि बेन नाही. क्रिकेट बघणाऱ्यांना हे आधीच येतंय.

पायरी ७ : माणसांची नावं

गावाचं नाव चुकलं तर गाव काही बोलत नाही. माणसाचं नाव चुकलं की माणसाला लागतं, तो दाखवत नाही एवढंच. म्हणून इथं अंदाज करायचाच नाही, विचारायचं.

स्टीफन असं आपण वाचतो ते नाव बहुतेक ठिकाणी स्टीव्हन असतं, पण अमेरिकेचा बास्केटबॉलवाला करी स्वतःला स्टेफन म्हणवतो, स्पेलिंग तेच. ग्रेअम इंग्लंडात, अमेरिकेत तोच ग्रॅम. अँथनी अमेरिकेत, इंग्लंडात बरेच अँटनी म्हणतात. मेन्झीज आडनावाची गोष्ट तर बघण्यासारखी आहे: ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते रॉबर्ट मेन्झीज, आणि ब्रिटनचे एक खासदार होते त्यांचं पहिलं नाव त्याच स्पेलिंगचं, पण उच्चार मिंगिस. जुन्या स्कॉटिश लिखाणात एक वेगळं अक्षर होतं, छापखान्यात ते नव्हतं म्हणून झेड वापरला, आणि तो झेड तसाच राहिला. लाबुशेन माहितीय ना, बॅट्समन? त्याचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला, तिथल्या आफ्रिकान्समध्ये त्याच्या आडनावाचा उच्चार पार वेगळा, घशातनं खरडून काढल्यासारखा. ऑस्ट्रेलियात त्याचं लाबुशेन झालं आणि तो ते चालवून घेतो. तो चालवून घेतो तर आपणही तेच म्हणायचं.

आयरिश नावांना सगळे घाबरतात. आमच्याकडं एकदा नव्या मुलीनं मेलवरनं वाचून फोनवर "सिओभान" विचारलं, पलीकडं क्षणभर शांतता, मग त्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "शिवॉन". त्यांच्या लिपीची रीत अशी आहे की बी एच आणि एम एच हे बऱ्याचदा व सारखे बोलायचे, आणि एस च्या पुढं आय किंवा ई आला की श. एवढं धरलं की शिवॉन कळतं, शॉन कळतं, नीव्ह पण कळतं, ज्याचं स्पेलिंग बघून कोणालाही घाम फुटेल. आणखी एक नाव आहे ते आयर्लंडच्या एका भागात कीव्हा तर दुसऱ्या भागात क्वीव्हा, म्हणजे तिथंसुद्धा विचारावंच लागतं.

विचारायचं वाक्य साधं ठेवा: "कुड यू टेल मी हाऊ टू से युअर नेम?" पहिल्याच फोनला विचारा. पहिल्या फोनला विचारलं तर तो मान वाटतो, सहाव्या फोनला विचारलं तर पाच वेळा चुकीचं म्हणल्याची कबुली होते. आणि सांगितल्यावर लगेच एकदा परत म्हणून दाखवा, बरोबर आलं का विचारा, मग देवनागरीत लिहून ठेवा.

पायरी ८ : आपली जीभ

अॅक्सेंट लावू नका. खरंच सांगते, महिनाभर कॉल सेंटरचा कोर्स करून गुळगुळीत बोलायला शिकलेली पोरं पलीकडच्याला जास्त अवघड जातात कारण अर्धं आपलं, अर्धं उसनं होतं. आपलं इंग्रजी आपल्या आवाजात बोला, फक्त चार जागा सुधारा.

पहिली, व. मराठीचा व इंग्रजीच्या व्ही आणि डब्ल्यू या दोन्हीच्या मधला आहे. वेफ्ट, म्हणजे बाणा, म्हणताना ओठ शिट्टीसारखे गोल करा, दात लावू नका. व्हेलूर टॉवेल म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, आणि जोर शेवटी, व्हलूऽर. आपण मराठीत व्ह लिहितो ते याचसाठी.

दुसरी, झेडचा आवाज. आपल्या "माझा" मधल्या झ ला जीभ टेकते, त्यांच्या झेडला टेकत नाही, मधमाशीसारखा सलग गुणगुणायचा. याच्याच शेजारी रंगांची नावं: बेज असं आपण म्हणतो त्याच्या शेवटी ज नाही, श म्हणायची जीभ ठेवून गळ्यातनं आवाज काढा, मेझरच्या मधे येतो तो आवाज. मॉव्हला बहुतेक मोव्ह म्हणतात. टॉप नाही, टोप, तो मातकट करडा रंग. शेडकार्ड घेऊन बसा आणि सगळे रंग एकदा ऐकून घ्या, एका दुपारचं काम आहे.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, जोर. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन देतो, तेलुगू-कन्नडमध्येपण तसंच, इंग्रजीत एका अक्षरावर वजन पडतं आणि बाकीची दबतात. फोटोग्राफमध्ये जोर फो वर, फोटोग्राफरमध्ये तो टॉ वर जातो, फटॉग्रफर. आपल्या रोजच्या कामात एक्सपोर्ट हे नाम असलं तर जोर एक्स वर, क्रियापद असलं तर पोर्ट वर. इम्पोर्ट, इन्क्रीज तसंच. हॉटेलचा जोर टेल वर. डेव्हलपमेंटचा व्हे वर. व-व्ह चुकला तर माणूस समजून घेतो, जोर चुकीच्या जागी पडला की शब्दच ओळखत नाही.

चौथी, दबलेलं अक्षर कसं म्हणायचं. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर म्हणजे एक आखूड, ढिला अ, आणि तो ए, ई, आय, ओ, यू कुठल्याही अक्षरामागं लपतो: अबाउट, टेकन, पेन्सल, लेमन, सर्कस. आनंदाची गोष्ट म्हणजे आपला अ जवळजवळ तोच आहे. आपल्याला तो शिकायचा नाहीये, फक्त योग्य जागी सोडायचाय. आणि मराठी लिपीत ॲ आणि ऑ आहेत त्याचापण फायदा घ्या, बॅट, बेट, बॉल हे आपण लिहूनच वेगळं दाखवू शकतो.

पायरी ९ : वही

डिक्शनरी केंब्रिजची ऑनलाइन वापरा, तिथं प्रत्येक शब्दाला इंग्लंड आणि अमेरिका असे दोन स्पीकर असतात, दोन्ही दाबा. शब्दापुढं तिरकस रेघांमध्ये जी विचित्र लिपी असते तिच्यातली तीनच चिन्हं आधी ओळखा: वर छोटी उभी रेघ म्हणजे पुढच्या अक्षरावर जोर, दोन टिंबं म्हणजे स्वर लांब, आणि उलटा केलेला छोटा ई म्हणजे तो ढिला अ. नावांसाठी फोर्वो बघा, तिथं त्या त्या देशाच्या माणसांनी स्वतः बोलून ठेवलंय. एखादा शब्द चालू बोलण्यात कसा येतो ते ऐकायचं असेल तर यूग्लिश, व्हिडिओतला तेवढाच तुकडा लागतो.

ऐकून झालं की वहीत. माझ्या वहीत एका ओळीला पाच रकाने आहेत: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, जोराच्या अक्षराखाली रेघ, कुठल्या बायरचा, कोणाकडनं ऐकलं. हा शेवटचा रकाना सोडू नका. डिक्शनरीत ऐकलं आणि त्या माणसाच्या तोंडून ऐकलं यात फरक पडला तर त्या माणसाचं धरायचं. रोज तीन शब्द, सकाळी चहाच्या आधी मोठ्यानं, मनातल्या मनात नाही. फोनवर रेकॉर्ड करून परत ऐका, सुरुवातीला नकोसं वाटतं, आठवड्यानं सवय होते.

पायरी १० : आता आपलं नाव

दुसऱ्याचं नाव इतकं जपून घेतो तर आपलं द्या पण नीट. पोरं फोनवर "कॉल मी सॅम" म्हणून मोकळी होतात. मनापासनं आवडत असेल तर म्हणा, पण समोरच्याला जमणार नाही म्हणून स्वतःच नाव सोडू नका. ज्ञ वालं नाव आपण मराठीत द्न्य म्हणतो, हिंदीवाला ग्य म्हणतो, ते परदेशी माणसानं डी एन वाय स्पेलिंगवरनं कसं ओळखावं? सांगावंच लागणार. येमूल, बिराजदार, क्षीरसागर, काहीही असो, तुकडे करा, जोर कुठं ते सांगा, त्यांच्या ओळखीच्या शब्दाला जोडा, आणि एकदा त्यांच्याकडनं म्हणून घ्या. मेलच्या सहीखाली उच्चार तोडून लिहिला तर अजून चांगलं.

माझं आडनाव आमचे आयर्लंडचे बायर पहिली दोन वर्षं चुकीचं म्हणत होते. एकदा धीर करून तीन तुकडे करून सांगितलं, त्यांनी पलीकडं कागद शोधला, लिहून घेतलं, दोनदा म्हणून बघितलं. त्यानंतरच्या प्रत्येक फोनला अजून पहिलं तेच म्हणतात, सावकाश, आणि मग टॉवेलचं बोलणं सुरू होतं.